खोटी हाक

डिंगोऱ्याच्या शाळेमागं मुरमाचा एक तुकडा आहे. शाळेच्या कागदावर त्याला क्रीडांगण म्हणतात, गावात पोरींचं पटांगण म्हणतात. बास्केटबॉलसाठी दोन लोखंडी पाइप, त्यांच्या टोकाला दोन कड्या. कड्यांना जाळी नाही, त्यामुळं बॉल आतून पडला की बाहेरून गेला यावर रोज एक भांडण ठरलेलं. तिथं सकाळी साडेपाचला हिरा उभी असायची, साडीचा काचा मारून, पायात नवऱ्याचे जुने कॅनव्हासचे बूट. सात वाजले की तेच बूट काढून चपला घालायच्या आणि कुणाच्या तरी कांद्यात नाहीतर टोमॅटोत खुरपायला जायचं. शाळेनं या बाईला कोच म्हणून नेमलं नव्हतं, हाकललंही नव्हतं. खेळाचे सर कायम कुठल्यातरी याद्या करण्यात गुंतलेले, त्यांना ती आयती सापडली होती.

"बॉलकडं काय बघताय गं? बॉल कुठं पळून चाललाय का?" ती ओरडायची. "समोरचीच्या पोटाकडं बघा. डोळं फसवत्यात, हात फसवत्यात. पोट जाईल तिकडंच माणूस जातं."

पोरींच्या चपला दोन रांगांत मांडलेल्या. त्यांच्यामधून डाव्या हातानं बॉल टप्पे देत न्यायचा. उजवा हात कंबरेच्या नाडीत खोचलेला. चपलेला पाय लागला की परत पहिल्यापासून. पहिल्या वर्षी पोरी रडल्या, दुसऱ्या वर्षी हसायला लागल्या, आणि तिसऱ्या वर्षी डोळे मिटून जाऊ लागल्या.

हिराचं माहेर मेंढपाळाचं. त्यामुळं तिची शिकवणीही तिथलीच. जोडीदारणीसाठी आडवं उभं राहून समोरचीची वाट अडवायची, त्याला पुस्तकात स्क्रीन म्हणतात. हिरा म्हणायची, "बांध हो. बांध हालतो का कधी? मग तू कशाला हालतीस?" पाचजणींनी मिळून कडीभोवती कडं करायचं, त्याला झोन म्हणतात. हिरा त्याला वाघूर म्हणायची. मेंढरांभोवती रात्री लावतात ती जाळी म्हणजे वाघूर. "वाघरीला एक भोक पडलं तरी लांडगा येतो," ती म्हणायची, आणि पोरी लगेच खांद्याला खांदा भिडवून सरकायच्या.

पण तिची खरी कमाई होती तीन हाकांची. बाकीचे कोच मैदानाबाहेरून "वन", "टू" ओरडतात, बोटं दाखवतात. समोरच्यानं दोनदा पाहिलं की त्याला चाल कळते. हिरा मेंढरांना द्यायच्या हाका द्यायची. "हुर्र्याऽऽ" म्हणजे कळप डावीकडं वळवायचा. चारजणी बॉल घेऊन डावीकडं लोटायच्या, समोरच्या त्यांच्यामागं ओढल्या जायच्या, आणि उजवीकडून आरती एकटी कडीखाली शिरायची. "थिर्र्र" म्हणजे थांब, बांध घाल, मागून बॉल टाक. "च्यो च्यो" म्हणजे सगळ्यांनी बाहेर पांगा, आरतीला वाट मोकळी द्या. पहिल्यांदा प्रेक्षक खो खो हसले होते. बाई मेंढरं हाकतीय, म्हणाले. हाफटाइमला डिंगोरं वीस पॉइंटांनी पुढं होतं, मग हसणं आपोआप बंद झालं. दोन वर्षं जुन्नर तालुक्यात त्यांना कुणी हरवलं नाही.

या हाका तिच्या बापाच्या, सोमाजीच्या. नऊ वर्षांची असताना तिनं एकदा गंमत म्हणून कळपाला पाण्याची हाक दिली होती. पाणी तिथं नव्हतंच. सगळी मेंढरं धावत आली, तोंड वर करून उभी राहिली, आणि हिरा टाळ्या पिटून हसली. बापानं मारलं नाही. एवढंच म्हणाला, "मेंढराला खोटी हाक द्यायची न्हाई, पोरी. एकदा दिली का मग खरी देऊनबी ते येत न्हाई." नंतरचे चार दिवस तिच्या हाकेला एकही मेंढरू वळलं नाही, आणि ती एकेकाला कानाला धरून पाण्यावर नेत राहिली.

आरती ही तिच्या थोरल्या भावाची, संपतची मुलगी. संपत आणि सोमाजी मेंढरांमागं फिरायचे, आरती शाळेसाठी आत्याकडं राहायची. अंगानं काटकुळी, बोलायला कमी, पण बॉल हातात आला की पाऱ्यासारखी. या वर्षी संपतच्या बायकोचा गुडघा गेला. दिवाळीनंतर माळशेज घाटानं कळप खाली कोकणात न्यायचा, तर सहा महिने घोड्यावरचं बिऱ्हाड, स्वयंपाक, कोकरं कोण बघणार? संपत पटांगणावर येऊन उभा राहिला, डोक्याचं पागोटं काढून हातात धरून.

"हिरे, आरतीला न्यावं लागंल."

"दादा, धाव्वी हाय तिची. जिल्ह्याला जिंकली तर विभागाला जाईल. तिथं खेळाच्या होस्टेलवाले पोरी निवडत्यात."

संपत वाईट माणूस नव्हता. पोरीचा खेळ बघत तो बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "जिल्हा जिंकला तर ऱ्हाऊ दे तुज्यापाशी. तुज्या वहिनीला मी कसंबी सांभाळीन. हारली तर मग माझ्यामागं. यापेक्षा मला जास्त न्हाई बोलता येत."

त्या वर्षी पाऊस आश्विन आला तरी हटेना. बाजऱ्या भिजल्या, काढण्या लांबल्या, शेतं चिखलानं भरलेली. मेंढरं बसवून घ्यायला कुणी तयार होईना. सोमाजी सत्तरीचा म्हातारा, ओल्या घोंगडीत रस्त्याच्या कडेला कळप घेऊन बसला होता. अशात मंचरहून आशाचा फोन आला.

आशा आणि हिरा जुन्नरच्या होस्टेलात एका ताटात जेवलेल्या, एकाच टीममधून खेळलेल्या. पुढं आशा शिकून मंचरच्या एका शाळेत खेळाची बाई झाली आणि हिराचं लग्न झालं.

"हिरे, आबांना आमच्या शेतात पाठव," आशा म्हणाली. "बाजरी निघालीय, कांदे लावायला अजून महिना आहे. बारा दिवस बसू देत मेंढरं. शेताला खत होईल, म्हाताऱ्याला कोरडी जागा मिळेल. शेडही आहे."

हिरा खुरपं हातात धरून बांधावरच बसली. तिला रडू आलं. "आशे, सख्ख्या भैणीनं केलं नसतं गं," ती म्हणाली.

जिल्ह्याच्या स्पर्धा आळे गावात होत्या, सिमेंटच्या कोर्टवर, जाळी असलेल्या कड्यांखाली. डिंगोऱ्याच्या पोरींनी पहिल्या दिवशी दोन सामने हसत जिंकले. दुसऱ्या दिवशी शेवटच्या सामन्याला समोर आली आशाची टीम. दोघी मैत्रिणींनी सगळ्यांसमोर मिठी मारली. हिराला तर बरं वाटलं. हरलो तरी घरातच राहील, असंसुद्धा ती मनात म्हणाली. आणि मग आरतीची आठवण येऊन तिनं स्वतःलाच शिवी घातली.

आरती त्या दिवशी सकाळी आज्ज्याकडून, मंचरच्या वाड्यावरून, म्हणजे मेंढरांच्या मुक्कामावरून, थेट आली होती. आईचा गुडघा बघायला गेली होती. बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाली, "आत्या, एक सांगायचंय. आज्जा म्हणत व्हता का आशाबाईंच्या पोरी..."

"आशाच्या पोरींचं आता डोक्यात घेऊ नको," हिरा म्हणाली. "खेळल्यावर सांग. ऊठ, अंग गरम कर."

सामना सुरू झाला. पहिल्याच मिनिटाला हिरानं हाक दिली, "हुर्र्याऽऽ!"

चारजणी डावीकडं लोटल्या. पण मंचरच्या पोरी त्यांच्यामागं गेल्याच नाहीत. दोघी सरळ कडीखाली येऊन उजवीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. आरती शिरली ती थेट त्यांच्या छातीवर आदळली. बॉल गेला.

होतं असं कधीकधी. हिरानं "थिर्र्र" दिली. उंच आरोही बांध घालायला निघाली, तर तिच्या जागेवर मंचरची एक जाडजूड पोरगी आधीच पाय रोवून उभी. "च्यो च्यो" दिली, तर पोरी पांगल्या आणि मंचरच्या पांगल्याच नाहीत, आरतीच्या वाटेवर तिघी जमल्या. एक क्वार्टर गेला. डिंगोरं चार, मंचर सोळा.

हे अंदाजानं होत नाही, हिराला कळलं. कुणीतरी सांगितलंय. आणि कोण सांगणार? तिच्या डोळ्यांपुढं आलं की आरती काल रात्री मंचरला होती. सकाळी मैदानात आल्यावर मंचरची एक पोरगी तिला हात हलवून हसली होती. आणि आरतीही हसली होती.

तिनं टाइमआऊट घेतला. पोरी धापा टाकत गोळा झाल्या. हिरानं आरतीचा दंड धरला.

"काय सांगितलंस त्यांना?"

"काय?"

"हाका. कुणी सांगितल्या त्यांना? काल कुणासंगं बसली व्हतीस?"

"आत्या, मी न्हाई. तेच तर सकाळी मी..."

"तोंड मिट! घरात ठेवून घेतलं, खाऊ घातलं, ते यासाठी? खाली बस. बसून ऱ्हा."

हे तिनं हळू आवाजात म्हटलं नाही. आजूबाजूच्या बाकावरच्या, पंचांच्या टेबलावरच्या सगळ्यांनी ऐकलं. आरतीचं तोंड एवढंसं झालं. ती बाकावर जाऊन बसली, गुडघ्यावर टॉवेल टाकून, आणि हाफटाइमपर्यंत एकदाही मान वर केली नाही. बाकीच्या पोरी एकमेकींकडं बघेनात. तीन वर्षं खांद्याला खांदा लावून सरकणाऱ्या पोरी त्या दिवशी हातभर अंतर ठेवून खेळल्या.

हाफटाइमला हिरा नळावर तोंड धुवायला गेली. शेजारी मंचरची एक बारकी पोरगी बाटली भरत होती. दोन वेण्या, कपाळावर घाम. तिनं हिराकडं मोठ्या कौतुकानं पाहिलं.

"ताई, मेंढ्यांवाले आजोबा तुमचे बाबा आहेत ना? लई भारी आहेत ते."

"तुला कुठं भेटले?"

"बाईंनी आमाला नेलं होतं ना शेतात, तीनदा. आजोबांनी सगळ्या हाका करून दाखवल्या. हाक दिली की मेंढरं कशी वळतात, मधलं एक कसं सुटून पुढं जातं, सगळं. बाईंनी मोबाईलवर घेतलंय. मग आमच्यातल्या पाचजणी मेंढरं झाल्या आन् पाचजणींनी अडवायचं." ती हसली. "आजोबा म्हणाले, माझी हिरा पण अशीच शिकली."

हिरानं नळ बंद केला. पाणी थेंब थेंब गळत होतं, तिनं तो परत आवळला. मैदानापलीकडं आशा पोरींना पुठ्ठ्यावर पेनानं काहीतरी काढून दाखवत होती. तिनं हिराकडं पाहिलं आणि नजर पुठ्ठ्यावर नेली. तेवढंच पुरे झालं. तो फोन, ती कोरडी जागा, ते शेड, सगळं हिराला एकदम समजलं आणि अंगावर कुणी थुंकल्यासारखं वाटलं. ओल्या घोंगडीतला तिचा बाप, दारात आलेल्या पोरींना बघून हरखलेला, तोंडभर हसत हाका देत उभा राहिला असेल. त्याला काय ठाऊक कोण काय नेतंय ते.

ती बाकाकडं परत आली. आरती तशीच बसलेली. इथं हिरानं सगळ्यांसमोर म्हणायला हवं होतं की माझं चुकलं. शब्द जिभेवर आलेही होते. पण बाक भरलेला, घड्याळ पळतंय, आणि आपण कोच. ती एवढंच म्हणाली, "उतर मैदानात. बाकीचं मग बोलू."

"आता का?" आरतीनं विचारलं.

"उतर म्हणते ना."

आरती उतरली. हाका बंद झाल्या. आधी पोरी मुक्यानं चाचपडल्या, आणि मग आरती एकटीच्या जिवावर खेळायला लागली. रागानं खेळत होती. कुणाला पास मागत नव्हती, कुणाकडं बघत नव्हती, बॉल हिसकावायची आणि दोघींच्यामधून शिरायची. दोनदा पडली, कोपर सोललं, सिमेंटवर रक्ताचा डाग उमटला. आरोहीला जोर चढला. फरक दहाचा झाला, सहाचा, तीनचा. आळ्याचे लोक उभे राहून ओरडायला लागले. शेवटची चार सेकंद उरली तेव्हा मंचर एक पॉइंटनं पुढं, आणि बॉल डिंगोऱ्याचा.

हिराकडं शेवटचा टाइमआऊट होता. तिनं तो घेतला.

पोरी तिच्याभोवती वाकल्या. तिनं आवाज खाली आणला. "ऐका. मी हुर्र्या देणार. त्यांना ती माहीत हाय, त्या सगळ्या कडीखाली आरतीच्या वाटेवर जाऊन बसतील. आरती, तू आत जायचं न्हाई. हाक ऐकायची आन् जाग्यावर, कडीसमोरच्या रेषेवर उभं ऱ्हायचं. तू मोकळी असशील. आरोही, बॉल सरळ रेषेवर, आरतीच्या हातात. आरती, निवांत टाक. समजलं? मी वरडीन ते करायचं न्हाई."

पोरींनी माना हलवल्या. आरतीनं मान हलवली की नाही ते हिराला कळलं नाही. म्हाताऱ्याचा शब्द तिला त्याच वेळी आठवला. पण मेंढरं वेगळी आणि पोरी वेगळ्या, असं तिनं मनाला सांगितलं.

शिट्टी झाली. बॉल आरोहीच्या हातात आला. हिरानं दोन्ही हात तोंडाशी नेले आणि पोटातून हाक दिली, जशी बाप द्यायचा तशी.

"हुर्र्याऽऽऽ!"

मंचरच्या पाचहीजणी धावल्या. कडीखाली गर्दी करून उजवीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. रेषेवर चिटपाखरू नव्हतं. आरोहीनं न बघता, शिकवल्याप्रमाणं, बॉल रेषेवर फेकला.

रेषेवर आरती नव्हती. ती आत गेली होती, त्या पाचजणींच्या भिंतीत, उजवीकडून, तीन वर्षं रोज सकाळी गेली होती तशी. बॉल मोकळ्या जागेवर टप्पा खाऊन बाकाखाली गेला आणि घड्याळ वाजलं.

मंचरच्या पोरी उड्या मारायला लागल्या. आरोही मटकन खाली बसली. आरती कडीखाली उभी होती, हात अर्धवट वर, बॉलची वाट बघत असल्यासारखी. हिरा तिच्याजवळ गेली.

"मी सांगितलं व्हतं ना गं?"

"तू वरडलीस," आरती म्हणाली. "पाय गेले."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर हिराला बरं वाटलं असतं.

आशा आली, गळ्यातली शिट्टी बोटाला गुंडाळत. "हिरे, मनाला लावून घेऊ नको. समोरच्या टीमचा अभ्यास सगळेच करतात. मी जबरदस्ती केली नाही आबांना. आनंदानं दाखवलं त्यांनी. त्यांना चहा दिला, बाजरी दिली, कुठं कमी केलं नाही."

"मला विचारलं असतंस तर मीच शिकवलं असतं, आशे," हिरा म्हणाली. "तुज्या पोरींना उभं करून शिकवलं असतं."

तेवढ्यात आशाला कुणीतरी फोटोसाठी हाक मारली आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी हिरा मंचरला, आशाच्या शेतातल्या वाड्यावर गेली. मेंढरं बाजरीच्या धसकटांत बसली होती. संपत घोड्याचं खोगीर शिवत होता. त्यानं बहिणीकडं पाहिलं आणि परत सुई ओढली. विचारायचं काही उरलं नव्हतं. सोमाजी मात्र काठी टेकत पुढं आला.

"काय गं, आशाच्या पोरीबी चांगल्या खेळल्या म्हनं? मी शिकवलं त्यांना. तुजंच समदं सांगितलं. लई गुणाची बाई हाय."

"आबा, वाडा आजच हालवा," हिरा म्हणाली.

"का? दोन दिस ऱ्हायल्यात. शब्द दिलाय."

"आबा, त्या आशानं..." म्हाताऱ्याच्या तोंडभर हसू होतं. एवढ्या वर्षांत हाका ऐकायला म्हणून कुणी त्याच्या दारात आलं नव्हतं. हिरानं वाक्य तिथंच सोडलं. "काय न्हाई. ऱ्हावा दोन दिस."

आरती वाघरीपलीकडं होती. आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा डोक्याला बांधलेला, कोपरावर हळद, काखेत लंगडं कोकरू. शाळेचे पांढरे बूट तेवढे पायात राहिले होते, शेणानं भरलेले. हिरा वाघरीपाशी गेली. मध्ये जाळी होती, दोघींनी ती उचलली नाही.

"माझं चुकलं, आरते. त्या समद्यांसमोर तुला बोलले. तू सकाळी सांगत व्हतीस, मी ऐकलं न्हाई."

आरती कोकराच्या पायावरची माती पुसत राहिली.

"मी बोलते दादाशी. वहिनीला मी बघते, माझ्या घरी आणते. तू चल. धाव्वी कर, पुढच्या वर्षी परत खेळ. मी तुला न्यायलाच आलेय, चल."

खोगीर शिवणाऱ्या संपतचा हात थांबला नव्हता. हे सगळं बोलताना हिरानं त्याला एका शब्दानंही विचारलं नव्हतं, आणि ते आरतीला दिसत होतं. तिनं मान वर केली. कालपासून पहिल्यांदा तिनं आत्याच्या डोळ्यांत पाहिलं. मग नजर खाली, आत्याच्या पोटाकडं नेली, शिकवल्यासारखी.

"ही हाक खरी हाय का, आत्या?"

हिराला हो म्हणायचं होतं. तिनं संपतकडं पाहिलं. तो खोगिरावर वाकला होता. ती परत वळली तोवर आरती कोकरू खांद्यावर टाकून निघाली होती, आणि मेंढरं एकेक करून उठून तिच्यामागं चालायला लागली होती. तिनं हाक दिली नव्हती.